रॉटवायलर आहे? मग फ्लॅट नाही

"घर माझे आहे, हप्ते मी भरतो, इमारतीत लहान मुले आहेत, आणि सरकारनेच जी कुत्री धोकादायक म्हणून जाहीर केली ती मला माझ्या घरात नकोत. यात माझे काय चुकले?" रॉटवायलर, पिटबुल किंवा अकिता घेऊन पुण्या-मुंबईत भाड्याचे घर शोधणाऱ्याला हा प्रश्न कधी मालकाकडून, कधी सोसायटीच्या सेक्रेटरीकडून ऐकावा लागतो. विचारणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांची भीती खरी असते आणि पहिली तीन विधानेही खरी असतात. चौथे आज खरे नाही. आणि चारही खरी धरली तरी त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. मी रॉटवायलर पाळते आणि भाड्याच्या घरात राहते, तेव्हा या वादात मी तटस्थ नाही हे आधीच सांगते. पण प्रश्न माझ्या कुत्रीपुरता नाही. करारात ब्रीडचे नाव घालून बंदी केली की इमारत अधिक सुरक्षित होत नाही, ती अधिक असुरक्षित होते, असे माझे म्हणणे आहे.

आधी त्या सरकारी यादीबद्दल, कारण बहुतेक वाद तिथेच संपवला जातो. 12 मार्च 2024 रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना पत्र पाठवले. त्यात 23 ब्रीडची नावे होती. त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी आणि जी कुत्री आधीपासून लोकांच्या घरी आहेत त्यांची नसबंदी करावी, असे त्यात म्हटले होते. घरी असलेली कुत्री घरातून काढा, असे त्या पत्रातही नव्हते. पुढे पैदास होऊ नये एवढीच त्यांच्याबाबत अपेक्षा होती.

ती यादी एकदा मुळातून वाचावी. तोसा इनू हे नाव तिच्यात येते आणि थोडे पुढे जपानी तोसा म्हणून तेच कुत्रे पुन्हा येते. बोअरबोएल स्वतंत्र आहे आणि मॅस्टिफच्या पुढे कंसात पुन्हा तेच नाव. ‘टेरियर्स’ असा सरसकट शब्द आहे. त्या गटात तीन किलोचा यॉर्कशायर टेरियरही बसतो, ज्याला लोक पर्समध्ये घालून फिरवतात. कांगल, अकबाश, टॉर्नयाक ही तुर्कस्तान आणि बाल्कन भागातली मेंढ्या राखणारी कुत्री, म्हणजे आपल्याकडे धनगरांच्या कळपाबरोबर चालणारी कुत्री जे काम करतात तेच करणारी. ती पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पाळतो कोण? एकच कुत्रे दोनदा मोजणारी आणि तीन किलोच्या प्राण्याला मानवी जिवाचा धोका ठरवणारी यादी कुत्र्यांची माहिती असलेल्या माणसाने नीट वाचून पक्की केली असेल, हे मला पटत नाही.

न्यायालयांनाही ती टिकाऊ वाटली नाही. 10 एप्रिल 2024 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार त्यांचे म्हणणे ऐकले नव्हते आणि ज्या समितीच्या शिफारशीवर ते उभे होते तिची रचनाही नियमाला धरून नव्हती, ही त्यामागची कारणे. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानेही ते बाजूला सारले. त्यानंतर केंद्राने लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या. यादी आली तेव्हा तिचा फोटो सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तासाभरात फिरला. ती रद्द झाल्याची बातमी मात्र त्या ग्रुपवर पोहोचली नाही. म्हणून एका रद्द झालेल्या कागदाच्या आधारावर आजही माणसांना घर नाकारले जाते, आणि नाकारणाऱ्याला आपण कायदा पाळतो आहोत असे मनापासून वाटत असते.

कागद बाजूला ठेवू. ही कुत्री खरोखरच अधिक धोकादायक आहेत का, हा खरा प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. जुलै 2022 मध्ये लखनौत एका वृद्ध, निवृत्त शिक्षिकेचा घरच्याच पिटबुलने जीव घेतला. त्या बातमीने देशभर जी भीती पसरली तिला मी अतिरंजित म्हणणार नाही. त्याच वर्षी गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो यांच्यावर बंदी आणली, तीही अशाच हल्ल्यांनंतर. पिटबुलचे पूर्वज इंग्लंडात बैलांवर सोडले जात, 1835 साली तो खेळ कायद्याने बंद झाल्यावर ते एकमेकांशी झुंजवले गेले. हा इतिहास मी पुसून टाकू शकत नाही. आणि चाळीस-पन्नास किलोचे, रुंद जबड्याचे कुत्रे चावले तर होणारी जखम पॉमेरेनियनच्या चाव्यासारखी नसते. विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे: चावण्याची शक्यता सारखी असली तरी चावल्याचा परिणाम सारखा नसतो.

पण हा मुद्दा नीट पाहिला तर तो आकाराचा आणि ताकदीचा आहे, ब्रीडचा नाही. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, चाळीस किलोला टेकलेला लॅब्रडॉर, रस्त्यावरून घरी आणलेला दणकट देशी नर, या सगळ्यांना तो लागू होतो. तरीही "लॅब चालेल, रॉटी नको" हेच वाक्य ऐकू येते. ताकदीची भीती असेल तर उत्तर ताकद आवरण्यात शोधायला हवे: पट्टा, मुसके, आणि पट्टा धरणारा असा माणूस की जो त्या कुत्र्याला खरोखर रोखू शकेल. या अटी सगळ्याच मोठ्या कुत्र्यांना घाला, मी पहिली सही करीन.

स्वभावाबद्दल म्हणाल तर 2022 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 18,000 हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून वागणुकीची माहिती घेतली गेली आणि 2,155 कुत्र्यांचे जनुक-वाचन झाले. एखादे कुत्रे कसे वागते यातल्या फरकांपैकी ब्रीडवरून समजणारा वाटा साधारण 9 टक्के निघाला. कुत्रे भीतीने किंवा त्रासाने किती चटकन चिडते, याचा तर ब्रीडवरून जवळजवळ काहीच अंदाज बांधता आला नाही. हा अभ्यास अमेरिकेतल्या घरगुती कुत्र्यांचा आहे आणि माहिती मालकांनीच दिलेली आहे, या मर्यादा मी मान्य करते. पण समोरच्या बाजूकडे इतकासुद्धा आधार नाही. तिच्याकडे बातम्या आहेत. लॅब्रडॉर चावला तर बातमीच्या मथळ्यात ‘कुत्रा’ येतो, रॉटवायलर चावला तर ‘रॉटवायलर’ येतो, आणि वाचणाऱ्याच्या मनात मोजदाद त्या मथळ्यांची होते.

शिवाय ब्रीड ओळखायचे कोणी? फ्लोरिडातल्या चार प्राणी-निवाऱ्यांमध्ये 120 कुत्र्यांवर एक पाहणी झाली. तिथल्या, रोज कुत्री हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांनी त्यातली 62 कुत्री पिटबुल प्रकारची म्हणून नोंदवली. डीएनए तपासणीत त्या प्रकारची निघाली 25. सराईत नजर इतकी चुकत असेल तर गेटवरच्या वॉचमनने किंवा कमिटीतल्या एखाद्या काकांनी फोटो पाहून दिलेल्या निवाड्यावर कुणाचे घर ठरावे का? आपल्याकडे तर संकर सर्रास आहे आणि कागदपत्रे क्वचितच असतात. आखूड केसांचा, रुंद छातीचा, अंगावर पट्टे असलेला कुठलाही देशी कुत्रा नवख्याच्या नजरेला पिटबुल दिसू शकतो.

हे सगळे आकडे बाजूला ठेवून आता मला जे रोज दिसते ते सांगते, कारण माझा राग तिथून येतो. मागच्या वेळी घर बदलायचे ठरले तेव्हा एका एजंटाचा फोन आला. दोन बेडरूम, तळमजला, समोर थोडी मोकळी जागा, भाडे झेपणारे. "मॅडम, पेट आहे म्हणालात, कोणता डॉगी?" मी सांगितले. तो क्षणभर थांबला आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "मग असं करू, मालकांना लॅबचा क्रॉस सांगतो. करार झाला की कोण बघतंय! फक्त पहिले काही दिवस जरा रात्रीच फिरवा." मी नाही म्हटले. घर गेले. त्याने मला फसवणुकीचा सल्ला दिला, पण त्याच्या दृष्टीने ती मदत होती. बहुतेक लोक हो म्हणतात हे त्याला अनुभवाने माहीत होते.

या एका फोनमध्ये ब्रीडबंदीचा सगळा परिणाम आहे. खरे सांगणाऱ्याला घर मिळत नाही, खोटे सांगणाऱ्याला मिळते. म्हणजे मालकाच्या घरात जो येतो तो छाननीतून निवडला गेलेला माणूस असतो खरा, पण खोटे बोलण्याच्या तयारीवर निवडलेला. पुढे काय होते? कुत्रा लपवायचा म्हणून त्याला दिवसा बाहेर काढत नाहीत. महापालिकेचा परवाना घेताना ब्रीड आणि पत्ता लिहावा लागतो, म्हणून परवाना घेत नाहीत. माणसे, मुले, सायकली, लिफ्टचे दार, दूधवाला, कुकरची शिट्टी, यांची सवय होण्याचे वय पिल्लाचे पहिले काही महिने. ते महिने ते बंद खोलीत काढते. मोठे होते तेव्हा प्रत्येक अनोळखी माणूस त्याला संकट वाटतो. एके दिवशी दार उघडे राहते. तेव्हा जे घडते त्याला सगळे ‘ब्रीडचा स्वभाव’ म्हणतात. दिवसाउजेडी सगळ्यांच्या ओळखीने वाढलेला कुत्रा आणि रात्री चोरून फिरवलेला कुत्रा, यांतला कोणता शेजार मालक स्वतःच्या मुलांसाठी निवडतील?

जी राष्ट्रे या वाटेने आपल्या आधी गेली त्यांचा अनुभव थोडक्यात सांगता येतो. नेदरलँड्सने 1993 मध्ये पिटबुल प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घातली. चावण्याच्या घटना कमी होत नाहीत असे दिसल्यावर 2008 मध्ये ती मागे घेण्याचा निर्णय केला. इटलीने 2009 मध्ये ब्रीडची यादी सोडली आणि जबाबदारी पाळणाऱ्यावर टाकली. अमेरिकेत डेन्व्हर शहराने 1989 पासूनची पिटबुल बंदी 2020 मध्ये मतदान घेऊन उठवली आणि त्याऐवजी परवान्याची पद्धत आणली. ब्रिटन उलट दिशेने गेला: 1991 च्या कायद्यात चार प्रकार होते, 2023 च्या अखेरीला त्यात एक्सएल बुलीची भर पडली. त्या कुत्र्यांनी तिथे माणसे मारली होती, हे खरेच आहे. पण एक्सएल बुली ब्रिटनमध्ये आलाच मुळी तो कायदा लागू असताना, आणि पिटबुलवर बंदी असलेल्या बाजारातच तो वाढला. नाव बंद केले की त्याच हौसेचे, त्याच पैदासकारांचे नवे नाव बाजारात येते.

सोसायटी आणि घरमालक यांचे अधिकार मात्र वेगवेगळे आहेत आणि प्राणिप्रेमी मंडळी इथे अनेकदा घोळ घालतात. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रहिवासी संघटनेला बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. लहान कुत्री चालतील, मोठी चालणार नाहीत, असा भेदही करता येत नाही. 2021 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने संघटनांच्या अशा बंद्या बेकायदा ठरवल्या. तेव्हा "आमच्या सोसायटीत चालत नाही" असे सांगून मालकाला भाडेकरू नाकारायला लावणाऱ्या कमिटीने हे जाणून घ्यावे की तो निर्णय घेणे तिच्या हातात नाही. मालकाची गोष्ट वेगळी. आपले घर कोणत्या अटीवर द्यायचे हे तो ठरवू शकतो, आणि त्याच्यावर सक्ती करणारा कायदा मला दाखवता येणार नाही. म्हणूनच मी त्याच्याशी हुज्जत घालत नाही, त्याला पटवण्याचा प्रयत्न करते आहे.

मालकाची खरी भीती बऱ्याचदा कुत्र्याची नसते. एकदा घरात घेतलेला माणूस त्रास द्यायला लागला तर बाहेर काढता येणार नाही, ही ती भीती. पागडीच्या आणि जुन्या भाडेकरूंच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या पिढीची ती आहे आणि मला ती कळते. पण लिव्ह अँड लायसन्सचा करार त्या कहाण्यांतला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याविरुद्ध मालकाला थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि जितके दिवस घर अडवले तितक्या दिवसांची दुप्पट रक्कम मागता येते. बहुतेक करार अकरा महिन्यांचे असतात. अटी मोडल्या तर मुदतीपूर्वी नोटीस देऊन करार संपवण्याचे कलमही त्यात घालता येते. इतकी मजबूत बाजू असलेल्या माणसाने माणूस आणि कुत्रा न पाहता केवळ नावाला नकार का द्यावा?

नकाराची किंमत शेवटी कुत्रा मोजतो. बदली होते, मालक घर विकायला काढतो, लग्न होते, आणि नव्या शहरात कुठेच घर मिळत नाही. मग सात वर्षांचे, आयुष्यभर एकाच कुटुंबात राहिलेले कुत्रे कुणाच्या तरी शेतघरावर साखळीला बांधले जाते किंवा हमरस्त्याच्या कडेला गाडीतून उतरवले जाते. प्राणी असा टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. लोकांनी कुत्री टाकू नयेत असे वाटणाऱ्या समाजाने टाकणे इतके स्वस्त आणि सांभाळणे इतके कठीण करून ठेवावे, याचा मला संताप येतो. आणि साखळीला बांधलेले किंवा रस्त्यावर सोडलेले मोठे, घाबरलेले कुत्रे कुणासाठीच सुरक्षित नसते, त्या मालकांच्या मुलांसाठीही नाही.

माझ्याच बाजूच्या लोकांनाही काही सुनावायचे आहे, कारण त्यांच्यामुळे हा वाद इतका कडवट झाला आहे. दरारा वाटावा म्हणून रॉटवायलर आणणारे, त्याला दिवसभर गच्चीत बांधून ठेवणारे, आपला कुत्रा कुणाला काही करत नाही असे सांगत पार्किंगमध्ये पट्टा सोडणारे, दहा वर्षांच्या मुलाच्या हातात पन्नास किलोच्या कुत्र्याची दोरी देणारे, लिफ्टमध्ये शेजारीण आक्रसून कोपऱ्यात उभी असताना "घाबरू नका हो" म्हणून हसणारे: हे लोक जबाबदार पाळणाऱ्यांचे शत्रू आहेत. ज्या बाईला लिफ्टमध्ये भीती वाटते तिची भीती पाळणाऱ्याने दूर करायची असते, पुढची लिफ्ट घेऊन. आणि पिल्लू विकणारे? 2017 पासून श्वान पैदासकारांसाठी केंद्राचे नियम आहेत, राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. तरीही इंटरनेटवर फोटो पाहून महिन्याभराचे पिल्लू पार्सलासारखे मागवता येते. आईपासून इतक्या लवकर तोडलेले पिल्लू चावायचे कुठे थांबायचे हे शिकतच नाही. धोका कमी करायचा असेल तर पोलिसांनी आणि महापालिकांनी या दुकानांपासून सुरुवात करावी. भाडेकरूच्या दारात पोहोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

"हे सगळे ठीक, पण धोका मीच का पत्करू?" हा शेवटचा प्रश्न उरतो. कायदा धोका मुळात पाळणाऱ्यावरच टाकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पाळीव कुत्र्यांच्या विम्यात तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेची भरपाई देणारे कलमही घेता येते. मालकाने एवढेच करायचे की हा भार कागदावर स्पष्ट लिहून घ्यायचा. आणि करारापूर्वी कुत्र्याला दोनदा भेटायचे, एकदा त्याच्या सध्याच्या घरी आणि एकदा आपल्या इमारतीत, जिन्यात आणि लिफ्टमध्ये. जुन्या घरमालकाला फोन करायचा. त्या दोन भेटींत मालकाला जेवढे कळेल तेवढे ब्रीडचे नाव कधीच सांगणार नाही. मागच्या करारात माझ्या घरमालकीणबाईंनी, "बघू या तरी" म्हणून, असेच केले होते. पुढच्या करारात ब्रीडबंदीच्या ओळीच्या जागी घालण्यासाठी मी जे कलम मसुद्यात लिहून देणार आहे ते असे. कोणत्याही मालकाने, कोणत्याही मोठ्या कुत्र्यासाठी, ते जसेच्या तसे घ्यावे:

‘परवानाधारकाकडे एक कुत्रे आहे. त्याचे ब्रीड, वय, वजन आणि फोटो सोबत जोडले आहेत. रेबीज लसीकरणाचा चालू दाखला, नसबंदीचा दाखला, महापालिकेचा परवाना आणि तिसऱ्या व्यक्तीच्या इजेचा विमा यांच्या प्रती करारासोबत दिल्या आहेत आणि मुदतीत त्या चालू ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकाची आहे. घराबाहेर कुत्रे नेहमी आखूड पट्ट्यावर आणि त्याला आवरू शकणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या हातात राहील. लिफ्ट, जिना आणि पार्किंगमध्ये त्याला मुसके असेल. दुसऱ्या कुटुंबाने हरकत घेतल्यास परवानाधारक लिफ्टमध्ये चढणार नाही. बारा वर्षांखालील मुलासोबत कुत्रे एकटे सोडले जाणार नाही. कुत्रे कुणाला चावल्यास वैद्यकीय खर्च परवानाधारक करील आणि घटना त्याच दिवशी मालकाला लेखी कळवील. वरीलपैकी कोणतीही अट दुसऱ्यांदा मोडल्यास पंधरा दिवसांच्या नोटिशीने हा करार संपेल.’